कॅम्पिंग ट्रेलरचे पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून: हीटिंग केबल की पाणीच काढून टाकायचं?

दादा, आपल्या निफाडला पारा ४-५ वर आला तरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, हिमाचलच्या स्पितीत तर जानेवारीत रात्री उणे २० पर्यंत जातं, तेव्हा हे निघायच्या आधीच ठरवा.

हीटिंग केबल म्हणजे पाइपाला गुंडाळायची, विजेवर तापणारी तार. तिला कष्ट काहीच नाहीत, पण वीज खाते. ५ मीटर केबल, मीटरला १५ वॅट धरा, १० तासांत ७५० वॅट-तास झाले. १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तास) साध्या बॅटरीत १२०० वॅट-तास, त्यातले निम्मेच, म्हणजे ६०० वापरायचे, पहाटेच्या आधीच संपणार आणि खरी थंडी पहाटेचीच. पाइपावर नुसता फोम गुंडाळून भागत नाही, तो ऊब धरतो, तयार करत नाही.

पाणी काढायला खर्च नाही, मेहनत आहे. टाकी-गीझर रिकामे, सगळे नळ उघडे, मग कंप्रेसरने ३० पीएसआयच्या आसपास हवा मारायची, तरी पंपात घोटभर राहतंच. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं, माझ्या पंपाला केसाएवढी चीर गेली ती नाशिकला आल्यावर टपटप सुरू झाली तेव्हा दिसली. सिंकखालच्या वाकड्या पाइपात प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) ओता, गाडीचं कूलंट अजिबात नको, बहुतेक विषारी असतं.

रात्री प्लग मिळणार असेल तर केबल घ्या. उघड्यावर मुक्काम असेल तर लाइन रिकामीच ठेवा, प्यायचे कॅन आत गादीशेजारी.