पुरस्कारप्राप्त बँक आणि 2 रुपये 96 पैसे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील एका सहकारी बँकेला समाजसेवा आणि व्यावसायिक नेतृत्व यांबद्दल नुकताच पुरस्कार मिळाला असून, संचालक मंडळाच्या छायाचित्रांचा भला मोठा फलक शाखेच्या दर्शनी भागावर झळकत आहे. मी या बँकेचा काही महिन्यांपासूनचा खातेदार आहे. बँकेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण माझी तक्रार शहरातील इतरही छोट्या बँकांच्या खातेदारांना ओळखीची वाटेल.

खाते उघडले ते निव्वळ व्याजासाठी. निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक म्हणून मुदत ठेवीवर मिळणारा किंचित जास्त दर सोडवत नाही. मात्र 2022 च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने येथील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केल्यापासून मी व्याजदराच्या आधी विम्याचा हिशेब करतो. 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेव विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख रुपये झाली असली, तरी ती मुद्दल आणि व्याज मिळून, तसेच एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून मोजली जाते. त्यामुळे व्याजासह रक्कम त्या आकड्याच्या आतच राहील, अशा बेताने मी ठेव ठेवली. ठेवीची पावती वेळेवर मिळाली, व्याजही ठरल्या दिवशी बचत खात्यात जमा होते; त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरा विषय आहे तो एनईएफटीचा, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवण्याच्या सोयीचा. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला मी दरमहा मेसचे पैसे पाठवतो. या बँकेच्या मोबाईल अॅपवर शिल्लक दिसते, शेवटचे व्यवहार दिसतात, परंतु पैसे पाठवता येत नाहीत. त्यासाठी शाखेत जाऊन अर्ज भरावा लागतो आणि अर्ज भरला की पासबुकात एका व्यवहारापोटी तीन जादा ओळी उमटतात : एनईएफटी शुल्क 2.50, सीजीएसटी (केंद्राचा कर) 0.23, एसजीएसटी (राज्याचा कर) 0.23. अडीच रुपयांवर प्रत्येकी नऊ टक्के म्हणजे साडेबावीस पैसे. ते दोन्ही ठिकाणी वर ओढून तेवीस केल्यामुळे 2 रुपये 95 पैशांऐवजी 2 रुपये 96 पैसे जातात. हा एक पैसा मला रकमेपेक्षा जास्त डाचतो, हे मी मान्य करतो.

शुल्क बेकायदेशीर नाही. शाखेतून 10 हजारांपर्यंतची रक्कम पाठवताना जास्तीत जास्त अडीच रुपये आणि वर कर आकारण्याची मुभा बँकांना आहे. पण 1 जानेवारी 2020 पासून बचत खातेदाराने इंटरनेट बँकिंग किंवा अॅपवरून केलेल्या एनईएफटीवर शुल्क घ्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. म्हणजे माझ्या बँकेने ती सोय दिलीच नाही, म्हणून मी ते शुल्क भरतो. व्यवस्थापकांना विचारले असता ते म्हणाले, ‘‘सर, सगळ्यांनाच लागतंय की ओ, तुम्हालाच लावलेलं नाही.’’ ज्या बँकेला ‘व्यावसायिक नेतृत्वा’चा मान मिळतो, तिच्याकडून यापेक्षा बरे उत्तर अपेक्षित होते.

एवढ्यावर हा लेख संपला असता आणि मी दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. परंतु दरमहा रांगेत उभे राहावे लागल्यामुळेच मला या शाखेची दुसरी बाजू पाहावी लागली. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, आलेली एक वयस्क बाई पैसे काढण्याची स्लिप हातात धरून घुटमळत होती. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने तिला ‘अक्का’ म्हणून आत बोलावले, तेलुगूत रक्कम विचारून स्लिप स्वतः भरली, अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला, आणि पैसे दिल्यावर उरलेली शिल्लक तिला दोनदा वाचून दाखवली. मागे रांग वाढली होती, तरी त्याने घाई केली नाही. माझे पेन्शन खाते ज्या मोठ्या बँकेत आहे, तेथे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही यंत्राकडे बोट दाखवले जाते. पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारे गृहस्थही यंत्रमागावरच्या कामगारांच्या पाळीच्या वेळा पाळून दारोदार जातात, हे मी माझ्याच गल्लीत पाहतो.

त्यामुळे पुरस्काराच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे समाजसेवेबद्दल, माझे मत बदलले आहे. फलकावर मात्र यातले काहीच नाही. तेथे रक्तदान शिबिर, दप्तरवाटप आणि उन्हाळ्यातील पाणपोई यांचीच छायाचित्रे आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात पाणपोईला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही नागरी सहकारी बँकांना देणग्यांसाठी मागील वर्षाच्या जाहीर नफ्याच्या 1 टक्क्याचीच मर्यादा आहे, तेव्हा दप्तरे वाटून होणारी सेवा तेवढ्यापुरतीच राहणार. खिडकीवरची सेवा मात्र वर्षभर चालते आणि ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र फलकावर नाही.

पुरस्काराचा दुसरा अर्धा भाग मला अजूनही पटत नाही. घरकुलातील त्या बाईला खिडकी हवी आणि माझ्या मुलाला पैसे रविवारी रात्रीही मिळायला हवेत; एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू असताना आमचे पैसे मात्र शाखेच्या वेळेतच निघतात. या दोन्ही गोष्टी एकाच बँकेने करण्यात मला काही विसंगती दिसत नाही.

माझा व्यावहारिक निर्णय असा आहे : मुदत ठेव पुढेही येथेच राहील, मुलाचे पैसे पेन्शन खात्याच्या अॅपवरून फुकट जातील आणि तूर्त तारे साडेतीन. ऑनलाईन एनईएफटीचा प्रश्न वार्षिक सभेत मांडायचा विचार होता, परंतु केवळ ठेवीदाराला तेथे मत नसते आणि नाममात्र सभासदालाही नसते. म्हणून नियमित सभासदत्वाचा अर्ज शाखेतून आणून ठेवला आहे. सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यापूर्वी संचालक मंडळाने अर्ज मंजूर केला, तर प्रश्न लेखी देईन.