गूगल बिझनेस प्रोफाइल : फराळवाल्यांसाठी पाचपैकी साडेतीन

घरगुती फराळाच्या व्यवसायात गिऱ्हाइकाचं तोंड हीच जाहिरात. ते शब्द गोळा करायला गूगल बिझनेस प्रोफाइल (२०२१ पर्यंतचं गूगल माय बिझनेस), म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारं व्यवसायाचं पान, फुकट आणि कामाचं. दुकान नसलं तरी अडत नाही : घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचे भाग दाखवता येतात, जास्तीत जास्त २०. व्यवसाय खरा आहे ना, याच्या पडताळणीला गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. तो सलग हवा, तुकडे जोडलेला नको. गल्ली, कामाची जागा, भांडी-साहित्य, एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणीचा कागद एका दमात दाखवा.

रिव्ह्यू मागायची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. कोड छापून डब्याच्या झाकणावर चिकटवला की संपलं, असं वाटतं. तिथेच गाडी अडते. नुसतं ‘रिव्ह्यू द्या’ म्हटलं की ‘छान’, ‘मस्त’ एवढंच येतं, आणि त्यावर नवं गिऱ्हाईक काही ऑर्डर देत नाही. त्याची धास्ती वेगळी असते : चकली मऊ पडेल का, पार्सलमध्ये करंज्या फुटतील का. म्हणून डबा पोचल्यावर चार दिवसांनी लिंकसोबत एकच प्रश्न पाठवा : ‘चकली अजून कुरकुरीत आहे का?’ उत्तरात आपोआप तपशील येतो.

रिव्ह्यूच्या बदल्यात पाव किलो चिवडा फुकट? गूगलच्या नियमात बसत नाही. खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारणंही बसत नाही. वाईट रिव्ह्यू मालकाला काढता येत नाही. नियम मोडला असेल तर तक्रार करता येते; नुसतं पटलं नाही, हे कारण चालत नाही. अशा वेळी उत्तर दोन ओळींचं पुरे : ‘तेल पुरेसं तापलं नव्हतं, म्हणून तो घाणा मऊ पडला. बदलून देतो.’ हे पुढचा ग्राहक वाचतो, भांडणही वाचतो.

दीड गुण कापले ते इथे : रिव्ह्यू गूगलवरच राहतात, ऑर्डरी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. स्क्रीनशॉट स्टेटसला लावला तर २४ तासांत जातो, तोही नंबर सेव्ह असणाऱ्यांनाच दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये (पदार्थांच्या फोटोंसह यादीत) त्या-त्या पदार्थाच्या फोटोंमागे लावलेला टिकतो. आधी परवानगी घ्या, नाव-फोटो झाका, तारीख ठेवा आणि शुद्धलेखन सुधारू नका. चुकांसकट खरं वाटतं. स्वतःच लिहिलेले किंवा विकत घेतलेले अभिप्राय ही दिशाभूल करणारी जाहिरात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्यांदाच १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक अडचण : रिव्ह्यूला गूगल खातं लागतं, आणि ज्येष्ठ गिऱ्हाइकं पासवर्डपाशीच थांबतात. त्यांच्याकडून व्हॉइस मेसेज घ्या, शब्द जसेच्या तसे उतरवून त्यांनाच पाठवा, आणि ‘चालेल’ असं उत्तर आल्यावरच कॅटलॉगला लावा.