उपचारापूर्वीची ईईजी चाचणी : एक अभिप्राय
नैराश्यावर कोणते औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी बहिणीची ईईजी चाचणी एका खासगी केंद्रात करून घेतली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून, आधी डोळे मिटून व मग उघडे ठेवून मेंदूतील विद्युत लहरींची नोंद घेतात. त्यात वेदना नाही आणि तंत्रज्ञ अतिशय आस्थेने वागले. अहवालातील रंगीत नकाशांवरून मात्र औषधाचे नाव ठामपणे सुचवले गेले, हे मला गैर वाटते. अमेरिकेतील ‘एम्बार्क’ या रुग्णांवरील औषध-चाचणीतील ईईजी नोंदींवरून २०२० मध्ये संशोधकांनी सर्ट्रालिन या नैराश्यावरील औषधाच्या परिणामाचा अंदाज बांधून दाखवला, ही खरोखर आशेची गोष्ट आहे. परंतु त्यामुळे एकेका रुग्णाचे औषध निश्चित करण्याइतकी खात्री मिळत नाही, आणि ही गोष्ट शुल्क घेण्यापूर्वीच सांगायला हवी होती.