प्रेशर ब्लीडर: ब्रेकचे पाईप बदलल्यावर मऊ लागणाऱ्या पेडलसाठी

गंजलेले ब्रेक पाईप बदलले, सांधे कोरडे आहेत, तरीही पेडल मऊ लागते, ही तक्रार नेहमीची आहे. ब्रेक ऑईल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र सहज आकसते; त्यामुळे नव्या पाईपच्या एखाद्या उंच वळणात बुडबुडा अडकला की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याआधी तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. माझ्या गाडीचे मागचे पाईप बदलल्यावर ही हवा काढण्यासाठी मी हातपंपाचा प्रेशर ब्लीडर वापरला आणि त्याविषयी माझे मत एकंदरीत फार चांगले झाले आहे.

याची रचना साधी आहे. ऑईल भरायची टाकी, तिच्यावर पंप आणि दाबमापक, आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑईलच्या दाबात बदलणाऱ्या भागाच्या) ऑईलच्या डबीवर घट्ट बसणारे झाकण. पंपाने साधारण १० ते १५ पीएसआय दाब दिला की एकट्याने एकेका चाकाचे निपल (हवा सोडण्याचा छोटा पोकळ स्क्रू) उघडून हवा काढता येते. पेडल मारायला दुसरा माणूस लागत नाही, आणि डबीत टाकीतून ऑईल येतच राहत असल्याने मध्येच डबी रिकामी होऊन पुन्हा हवा शिरण्याची धास्तीही राहत नाही. मला याहून मोलाचा वाटतो तो मास्टर सिलिंडरचा बचाव. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारत राहिले की आतले रबरी सील एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंज किंवा गाळ साचलेल्या भागावरून घासतात आणि फाटू शकतात.

निपलला पारदर्शक नळी लावून पाहिले, तेव्हा आधी हवेचे मोठे फुत्कार आले, मग फेसाळ धार, आणि ती स्वच्छ झाली असे वाटत असतानाच कॅलिपरवर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर) प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकल्यावर बारीक बुडबुड्यांची आणखी एक माळ बाहेर पडली. निपलकडून ऑईल ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपात हा भरवसा मिळत नाही, कारण तिथे निपलच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा ओढली जाते आणि बुडबुडे नेमके कुठले हे कळत नाही.

झाकण ही या साधनाची कमकुवत बाजू आहे. त्याची रबरी चकती नीट बसली नाही तर ऑईल बाहेर येते आणि ते गाडीचा रंग खराब करते, म्हणून टाकीत ऑईल भरण्याआधी नुसत्या हवेचा दाब देऊन काटा स्थिर राहतो का ते अवश्य पाहावे. काम झाल्यावर झाकण काढण्यापूर्वी दाब सोडावा. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवावा, कारण सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची रीत प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

हवा सोडून इतर दोषांवर अर्थातच याचा उपयोग नाही. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. पेडल कडक असूनही फार खाली लागत असेल, तर मागच्या ड्रममधले लायनर सैल असण्याची शक्यता मोठी. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आले असेल, तर वर साठलेली हवा कोणत्याही पंपाने निघणार नाही. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असल्यास बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडून त्यातले व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

टाकीत उरणारे ऑईल हा मात्र खरोखरचा तोटा आहे. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची दोन्ही ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतात आणि त्यांचा उत्कलनबिंदू घसरतो. कोरड्या डॉट ४ साठी किमान २३० अंश सेल्सिअस ही मर्यादा आहे, तर ओलावा शोषलेल्यासाठी १५५. म्हणून टाकीत लागेल तेवढेच ताजे ऑईल ओतावे, उरलेले पुढच्या खेपेसाठी ठेवू नये, आणि टाकी व नळी पूर्ण कोरडी करूनच ठेवावी.