मेडिक्लेम 'पोर्ट करून देतो' म्हणाला आणि नवीनच पॉलिसी गळ्यात मारली

ग्वाल्हेरमधे ज्यांच्या घरी साठीच्या पुढचे आईवडील आहेत त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा.

बाबांची ५ लाखांची मेडिक्लेम ९ वर्षं चालू होती, एकदाही खंड नाही. गेल्या वर्षी रिन्युअलच्या तोंडावर इथल्या लष्कर भागातलाच एक ओळखीचा विमा एजंट घरी आला, आपला मराठी माणूस, आईला काकू काकू करत चहा घेत बसला आणि म्हणाला काका एवढा प्रीमियम कशाला भरताय, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देतो, म्हणजे जुनी पॉलिसीच तिकडे नेतो, १० लाखांचं कव्हर, पैसेही कमी आणि जुनी सगळी वर्षं धरली जातील. बाबांनी शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं त्याच्यापुढे ठेवली, हो हो लिहितो म्हणाला. फॉर्म त्याने स्वतःच्या मोबाइलवर भरला, बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि गेला.

खरं काय ते कळलं बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरच्या (विम्याचे क्लेम बघतात तिथल्या) मुलीने कॅशलेस नामंजूरचं पत्र हातात दिलं. हर्नियाला २ वर्षांचा वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्याचा क्लेम मिळत नाही, शिवाय डायबिटीस लपवलेला. आम्ही लपवलेला!

कंपनीकडून प्रपोजल फॉर्म मागवला. डायबिटीसपुढे 'नाही', ब्लड प्रेशरपुढे 'नाही', आधीची पॉलिसी आहे का, तिथेही 'नाही'. आणि ईमेल आयडी एजंटचा स्वतःचा, म्हणजे पॉलिसीची पीडीएफ आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लुक असतो, पटली नाही तर परत करून पैसे मागता येतात, तो त्याने असाच घालवला. प्रीमियम कमी का होता तेही तेव्हा समजलं, आजार दाखवलेच नव्हते ना. आत ६० वर्षांवरच्यांना २० टक्के को-पे पण निघाला, म्हणजे क्लेम पास झाला असता तरी लाखाच्या बिलात २० हजार आपलेच जाणार.

पोर्ट खरंच झालं असतं तर हर्नियाचं वेटिंग जुन्या ५ लाखांपुरतं कधीच संपलेलं होतं, नव्याने मोजलं गेलं असतं ते फक्त वाढीव रकमेला. आणि मला सगळ्यात जास्त चीड याची येते की सलग ५ वर्षं झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, बाबांचं हे संरक्षण झालेलं होतं, ते एका ओटीपीत गेलं. जुनी पॉलिसी तर ग्रेस पीरियड (रिन्युअलची तारीख गेल्यावर मिळणारी मुदत) उलटून लॅप्स झालीये, आता या वयात शुगर-बीपीसकट नवीन कोण देणार आणि कितीला देणार?

ऑपरेशन एफडी मोडून केलं, बाबा बरे आहेत. कंपनीच्या तक्रार विभागाचं उत्तर आलं की फॉर्म ग्राहकाने ओटीपीने मान्य केलाय. आता भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज केलाय, मध्य प्रदेशाचं ऑफिस तिथे आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि तिचं उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत आलंच नाही की मग जाता येतं, उत्तरापासून १ वर्षाच्या आत. जुन्या पॉलिसीच्या सगळ्या पावत्या आईने जपून ठेवल्या होत्या, त्या जोडल्यात, म्हणून आशा आहे.

तो एजंट अजूनही फिरतोय. कोणी पोर्टचं बोललं तर रिन्युअलच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज गेला पाहिजे आणि नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून पूर्वीची माहिती मागवते. तेव्हा जुन्या कंपनीला स्वतः फोन करून विचारा की अशी मागणी आलीये का, आली नसेल तर जुनं रिन्युअल आधी भरून टाका. ईमेल घरच्या कोणाचा तरी द्या, भरलेला फॉर्म ओटीपीच्या आधी वाचायला मागा, आणि घरी कोणी एकट्याने असा ओटीपी दिला असेल तर आजच कंपनीच्या साइटवरून पॉलिसी काढून आधीच्या आजारांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.