लिव्हर अँटिबॉडीची पट्टी: आठ महिन्यांनंतर, आणि तळाची ती एक ओळ

एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उठणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी), टायटर (रक्त किती पातळ केल्यावरही ती दिसते), पॅटर्न (चमकेची नक्षी), हे खोलात सांगत बसत नाही. स्जोग्रेन, स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस अशा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटतं त्या) आजाराची फाइल ज्यांच्या कपाटात आहे त्यांना ते पाठच असतं. लिहायचंय लिव्हर अँटिबॉडीच्या तपासणीबद्दल. पण राग आहे तो एका ओळीवर, त्यामुळे तीच सारखी मध्ये येणार.

माझा एएनए पॉझिटिव्ह, १:३२०, स्पेकल्ड. सोबत एसएस-ए, ही स्जोग्रेनमध्ये दिसणारी अँटिबॉडी. डोळे कोरडे, तोंड कोरडं, स्जोग्रेनचं निदान झालं, डोळ्यांचे थेंब सुरू झाले, रिपोर्ट फाइलला लागला. त्याच पानाच्या तळाशी, सही-शिक्क्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ‘पेशीद्रवातही चमक आढळली, गरजेनुसार एएमए तपासणी करावी.’ (एएमए म्हणजे मायटोकाँड्रियांवर, पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर, उठणारी अँटिबॉडी.) मी वाचलं नाही. डॉक्टरांनीही टायटर बघून पान उलटलं.

पुढे रात्री तळहात-तळपाय खाजायला लागले. साबण बदलला, तेल बदललं, पलंगावरच्या चादरीसुद्धा बदलल्या. पुरळ एक नाही, नुसती खाज. मग नेहमीच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज दुपटीच्या वर, एसजीपीटी किंचित जास्त (दोन्ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम), बिलिरुबिन नॉर्मल. सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळ्या. लिव्हरच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले, एएनएचं पान काढलं आणि थेट तळाशी बोट ठेवलं. वरचं काही वाचलंच नाही त्यांनी!

त्यांनी समजावलं ते असं. एएनएची तपासणी हेप-२ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर होते. पातळ केलेलं सीरम पेशींवर टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय चमकतं ते बघायचं. केंद्रक चमकलं तर एएनए. केंद्रकाबाहेर, मायटोकाँड्रियांवर चमक दिसली तर ती एएमएची खूण असू शकते. पण रिपोर्टच्या नावातच केंद्रक, म्हणून बाहेरची चमक गेली कमेंटमध्ये. मी लॅबला फोन केला. “मॅडम, कमेंट दिली होती ना.” निकालाशेजारी का नाही दिली? “फॉरमॅट तसाच आहे.” संपलं संभाषण.

लिव्हर अँटिबॉडीचं सॅम्पल द्यायला गेले तर काउंटरवर नवीनच वाद. “लिव्हरच्या टेस्ट पॅकेजमध्ये झाल्यात की तुमच्या.” अहो, त्या एन्झाइमच्या. त्या लिव्हरला त्रास होतोय एवढं सांगतात. अँटिबॉडी तो कशामुळे ते सांगायला मदत करतात. जाताना चिठ्ठीवर नाव नीट लिहून न्या.

ही पट्टी म्हणजे बोटाएवढी पांढरी फीत. तिच्यावर आडव्या रेषांत वेगवेगळी प्रथिनं बसवलेली असतात: एम२ (एएमए चिकटते ती यालाच), एसपी-१००, जीपी-२१०, एलकेएम-१, एलसी-१, एसएलए, आरओ-५२. आपली अँटिबॉडी जिथे चिकटेल ती रेष गडद होते. माझ्या दोन रेषा गडद होत्या, एम२ आणि आरओ-५२, दोन्ही तीन-तीन अधिक. आरओ-५२ बघून मी रात्रभर जागी. वाटलं, लिव्हरच्या पट्टीवर आहे म्हणजे दोन आजार झाले. ती रेष स्जोग्रेनमध्ये सर्रास येते, लिव्हरपुरती नाही. हे रिपोर्टवर कुठेच नव्हतं. मुंगीच्या अक्षरांतसुद्धा नाही.

तेव्हा मी पाचपैकी दोन दिले असते. आकडा नाही, नुसते अधिकचे फुल्ले, अर्थ आपला आपण लावा. आता मत बदललंय. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि एएमए पॉझिटिव्ह, एवढ्यावर प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिसचं (लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका खराब करणारा ऑटोइम्यून आजार) निदान ठरलं, बायोप्सीची सुई टळली. (२०१५ पर्यंत या नावात कोलॅन्जायटिसच्या जागी सिरोसिस होतं. जुनं काही वाचून घाबरू नका, माझं ते करून झालंय.)

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या स्क्लेरोडर्माच्या ताईंचं उलटं. त्यांचा एएमए निगेटिव्ह, पण पट्टीवर जीपी-२१० ची एकटी रेष गडद, तीही याच आजाराची खूण. नुसता एएमए करून थांबले असते तर निदान सुटलंच असतं. मात्र पट्टीवर सगळं मिळतं असंही नाही. माझ्या पट्टीवर स्मूथ मसल अँटिबॉडी नव्हती. ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका असेल तर ती उंदराच्या यकृत-मूत्रपिंड-जठराच्या कापांवर बघतात, सोबत रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार). तिची चिठ्ठी वेगळी.

आता माझा मूर्खपणा. या आजाराचं औषध, अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, वजनाच्या किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने, सहा महिने घेतलं आणि कुणी सांगितलं नसताना पट्टी परत केली. पूर्ण पैसे भरून. एम२ जिथल्या तिथे, तीन अधिक. रडायचीच बाकी होते. डॉक्टर म्हणाले, “हा मीटर नाही हो, एकदा कळलं की झालं.” औषध लागू पडतंय का ते अल्कलाइन फॉस्फेटेज सांगतं, आणि ते मर्यादेच्या सव्वापटीवर आलं होतं, त्या स्वस्तातल्या तपासणीत. खाज अजून थोडी आहे. तिचं औषध वेगळं, म्हणे.

तर तपासणीला चार. तळाच्या ओळीचा एक कापला, तो परत मिळणार नाही.

थायरॉइडवाल्या धाकट्या बहिणीचाही एएनए परवा पॉझिटिव्ह आला. तिने रिपोर्टचा फोटो पाठवलाय, १:१६० पर्यंत नीट दिसतं, खालचं पान कापलं गेलंय. “खालपर्यंत काढून परत पाठव,” असं तिला तीनदा लिहिलं. तिचं उत्तर, “अगं, खाली काही नाहीये.”