हँडब्रेकचे शू : नवे घ्यावेत की जुन्यांवर लायनर चढवावे?

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणाऱ्या पिकअपचा हँडब्रेक चढावर धरेनासा झाला, तर केबल ताणण्याआधी मागचे ड्रम उघडून पाहावेत. ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या म्हणजे शू आणि त्यांच्यावर रिव्हेटने बसवलेला घर्षणाचा थर म्हणजे लायनर. लायनर झिजून रिव्हेटची डोकी वर आली असतील, तर ड्रमच्या आत गोल चरे पडलेले दिसतात. जुन्या शूंवर नवे लायनर रिव्हेटने बसवून घेणे स्वस्त पडते, मात्र शूचा पत्रा वाकलेला किंवा रिव्हेटची भोके मोठी झालेली असतील, तर ती बचत फसवी ठरते. नवे शू महाग असतात. तरीही खानापूरकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीसाठी मी तेच निवडीन. लायनर तेलाने भिजलेले असल्यास आधी गळका सील बदलावा, नाहीतर यांपैकी काहीही केले तरी खर्च वाया जातो. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत आणि केबल शेवटी जुळवावी.